तीनशे पावलांचा उजेड

कुरखेड्याच्या शाळेत मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यातल्या शेवटच्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक संध्याकाळी जलालुद्दीनच्या दुकानात गेल्या. दुकान म्हणजे बसस्टँडच्या मागची टिनाची एक खोली. पाटी नव्हती. टॉर्चवाल्या जलालभाऊचं दुकान कुठं म्हणून विचारलं की कुणीही दाखवायचं.

त्याचा बाप गॅसबत्त्या दुरुस्त करायचा. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतंच. तेव्हा बाप वीस-वीस गॅसबत्त्या बैलबंडीत घालून न्यायचा आणि मांडवात जागोजागी टांगायचा. गावोगाव वीज आल्यावर ते काम संपलं. जलालुद्दीननं टॉर्च धरले. लोकांकडचे तीन सेलचे टॉर्च तो दुरुस्त करायचा, दोन नळ्या जोडून पाच सेलचे बनवायचा. वनरक्षक, एसटीचे ड्रायव्हर, पाड्यांवर बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई, सगळे त्याचे गिऱ्हाईक. माणूस कमी बोलायचा. हातातला टॉर्च पेटला की तो आधी समोरच्या भिंतीवर पाडायचा, मान तिरकी करून त्या ठिपक्याकडे बघत राहायचा आणि बहुतेक वेळा पुन्हा खोलायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, झालं ना आता. तो म्हणायचा, नाई झालं.

बल्बच्या टॉर्चचा उजेड ऐंशी-शंभर पावलांवर मरतो. त्याच्यापुढं फक्त पिवळट धूर. जलालुद्दीनला हे आयुष्यभर सलत होतं. म्हणून दोन हजार सहा साली नागपूरहून कुणीतरी त्याला एक वॅटचा एलईडी आणून दिला, तेव्हा तो चार दिवस दुकानात कुणाशी धड बोलला नाही. चांदणीच्या आकाराची अॅल्युमिनियमची लहानशी पट्टी आणि तिच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका. त्या ठिपक्याकडे थेट बघितलं तर दहा मिनिटं डोळ्यांपुढं हिरवं दिसायचं.

रामाजी दुसऱ्या वर्षीच्या भादव्यात आला. सती नदीच्या पलीकडे त्याचं गाव. चार एकर धान, आणि शेताच्या तिन्ही बाजूंनी जंगल. त्याचं गाऱ्हाणं रानडुकरांचं होतं. मचाणावर बसून टॉर्च मारला की डुकरं दिसायची ती धानात शिरल्यावरच, आणि एकदा शिरली की हाकलेपर्यंत धानाची अर्धी बांधी, म्हणजे बांधामधला तुकडा, लोळवून टाकायची. मचाणापासून जंगलाची कड तीनशे पावलं. ती त्यानं स्वतः मोजली होती.

"मले ते कडेवर दिसले पाह्यजे, भाऊ," तो म्हणाला. "पाय धानात टाकाच्या आंधी."

जलालुद्दीननं लगेच हो म्हटलं नाही. आठवडाभरानं तो नागपूरला जाऊन सीताबर्डीच्या दुकानांतून बावीस एलईडी घेऊन आला, वेगवेगळ्या जातींचे, कापसात गुंडाळून. मग आमची परीक्षा सुरू झाली. अंधार पडला की साडेसातच्या सुमारास आम्ही शाळेच्या मैदानावर जायचो. मैदानाच्या टोकाला गावाच्या पाण्याची टाकी होती, तिच्या पायाला मी प्रयोगशाळेतला उजेड मोजणारा सेन्सर बांधला होता आणि त्याला मल्टिमीटर जोडला होता. जलालुद्दीन दीडशे पावलांवरून, मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून झोत मारायचा, मी टाकीखाली उभा राहून आकडा वाचायचो आणि वहीत लिहायचो.

पहिल्याच दोन दिवसांत तो चक्रावला. सगळ्यात जास्त उजेडाचा म्हणून दुकानदारानं दिलेला एलईडी चार ठिपक्यांचा होता. खोलीत लावला तर दिवस उगवल्यासारखं व्हायचं, पण टाकीवर त्याचा आकडा सगळ्यात कमी. आणि एक लहानसा, एकाच ठिपक्याचा, खोलीत अगदी साधा वाटणारा, तो टाकीवर सगळ्यांना मागं टाकायचा. मी त्याला कागदावर काढून दाखवलं. उजेड जिथून निघतो ती जागा जेवढी बारीक आणि जेवढी तेज, तेवढा झोत घट्ट राहतो. जागा मोठी असली की झोत फाकतो, मग एकूण उजेड कितीही असो. त्यानं कागद बराच वेळ पाहिला.

"नळाच्या पाइपाले बोट लावल्यावानी," तो म्हणाला. "पाणी तेवढंच, पण जाते दूर."

निवड मात्र त्यानं नुसत्या आकड्यावर केली नाही, आणि तिथं तो माझ्यापेक्षा शहाणा होता. एकाच जातीच्या सहा एलईडींत दोन निळसर होते, तीन पांढरे, एक थोडा पिवळट. निळसर दोघांचा आकडा सगळ्यात चांगला. मी म्हटलं, हाच घे. तो म्हणाला, थांबा. एका पहाटे तो मला सतीच्या काठी घेऊन गेला. पाण्यावर धुकं होतं. निळसर एलईडी लावला तर समोर पांढरा पडदाच उभा राहिला, पलीकडचा काठ दिसेना. पिवळट लावला तर पडदा विरळ झाला आणि पलीकडची करंजीची झाडं दिसली, पानं सुद्धा. कार्तिकात धानावर रोज धुकं असतं. त्यानं पिवळट ठेवला.

तो एलईडी तापायचाही फार. त्याच जातीचे तीन आमच्या हातांत जळाले. आधी निळे पडले, मग फिके, मग गेले. मग त्यानं वडशाच्या लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमची जाड नळी कातून आणली, तिला बाहेरून खाचा पाडल्या आणि एलईडीची पट्टी तिच्यावर उष्णता ओढून घेणारं मलम लावून घट्ट बसवली. सहा व्होल्टची सीलबंद बॅटरी खांद्याला अडकवायच्या कापडी पिशवीत. एलईडीभोवती मोटारसायकलच्या जुन्या हेडलाइटची आतली चकचकीत वाटी. टाकीवर आता गोल ठिपका पडायचा आणि त्याच्याभोवती मंद उजेडाचं मोठं कडं. हे कडं आमच्या पायांपर्यंत यायचं. गवत, दगड, आमच्या चपला, सगळं दिसायचं.

जलालुद्दीनला ते कडं खटकत होतं. टाकीपर्यंत झोत जात होता, पण तीनशे पावलांवर तो अजून दुबळाच होता. त्यानं मला विचारलं, हे आजूबाजूले सांडून राह्यलं ते समोर नाई का नेता येत? मी म्हटलं, येतं, वाटी काढून भिंग लाव. पायाशी पडलेला उजेड वायाच जातो.

हे वाक्य माझं होतं. भिंगही मीच दिलं. शाळेत सरकारी योजनेतून आलेला स्लाइड प्रोजेक्टर कितीतरी वर्षं बंद पडून होता. त्याचं जाड भिंग मी काढून आणलं आणि कागदोपत्री ते फुटलं असं दाखवलं.

भिंग बसवल्यावर टाकीवर गोल ठिपका पडला नाही. लखलखीत चौकोन पडला. तो म्हणजे त्या एलईडीच्या चौकोनी दाण्याचीच मोठी झालेली प्रतिमा होती. चौकोनात टाकीच्या सिमेंटच्या भेगा मोजता येत होत्या, आणि चौकोनाच्या बाहेर काळोख. मल्टिमीटरचा काटा आधी कधीच गेला नव्हता तिथं गेला. मी आकडा ओरडून सांगितला. तो मैदानाच्या त्या टोकाला उभा होता, मला दिसत नव्हता. थोड्या वेळानं त्याच्या हसण्याचा आवाज आला. मी त्याला असं हसताना दोनदाच ऐकलं, त्यातली ही एक वेळ.

घरी त्यानं बायकोला, मलिकाभाभींना, तो टॉर्च दाखवला. त्या परसात बकरीला बघायला म्हणून घेऊन गेल्या आणि न्हाणीच्या दगडाला ठेचकाळल्या. आत येऊन त्यांनी टॉर्च त्याच्या हातात दिला. दुसऱ्याच्या घराची भिंत दिसते, स्वतःचा दगड दिसत नाही, असं काहीसं त्या हिंदीत म्हणाल्या. जलालुद्दीननं ते मला गंमत म्हणून सांगितलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

रामाजीचं धान त्या वर्षी वाचलं. मचाणावरून तो कडेवर झोत मारायचा, डुकरांचे डोळे चमकले की थाळी वाजवायचा, आणि कळप आल्या वाटेनं परतायचा. माणूस मुळात अबोल, पण मंडईत तो टॉर्च घेऊन फिरला आणि देवळाच्या कळसावर, नदीपलीकडच्या सागावर, जिथं तिथं चौकोन पाडून दाखवत सुटला. पौषापर्यंत जलालुद्दीनकडे दहा मागण्या आल्या. भिंगं त्यानं नागपूरहून आणली. प्रत्येक टॉर्चचा एलईडी तसाच निवडलेला. वीस आणायचे, टाकीवर लावायचे, त्यातले दोन-तीन ठेवायचे, बाकीचे परत. रामाजीचा धरून अकरा टॉर्च झाले.

चैत्रात मोह गळतो. फुलं रात्रभर पडतात आणि ऊन तापायच्या आत वेचावी लागतात, म्हणून बाया तांबडं फुटायच्या आधीच टोपल्या घेऊन निघतात. एरवी रामाजी आणि त्याची बायको गुणाबाई दोघं मिळून जायची. तो आधी जाऊन झाडाखाली पाला पेटवायचा, त्यानं जमीन साफ व्हायची आणि जनावरही लांब राहायचं. त्या पहाटे रामाजीला हिवताप होता. गुणाबाई एकटीच निघाली. खुंटीला टॉर्च होता, तो तिनं खांद्याला लावला.

पुढचं तिनंच नंतर सांगितलं, त्यामुळं मला माहीत आहे. जंगलाच्या तोंडाशी ती थांबली आणि तिनं मोहावर झोत मारला. झाड दीडशे पावलांवर असेल. बुंधा दिसला, खाली पांढरी पडलेली फुलं दिसली, बुंध्यामागची मोकळी जागा दिसली. तिनं झोत डावीकडं नेला, उजवीकडं नेला. कुठं काही नव्हतं. इतकं स्वच्छ तिला जंगल कधी दिसलं नव्हतं, म्हणून ती बिनधास्त चालत निघाली. झोत पुढं झाडावरच ठेवला. वाटेच्या कडेला वारूळ होतं आणि वारुळाला तोंड लावून अस्वल बसलं होतं. तिच्यापासून पाच-सहा हातांवर.

गावातल्या दुसऱ्या बाया मागून येत होत्या. त्यांनी आरडाओरड केली, डबे वाजवले. अस्वल निघून गेलं. गुणाबाईला खाटेवर घालून कुरखेड्याला आणलं, तिथून गडचिरोलीला आणि मग नागपूरला. ती सव्वा महिना दवाखान्यात होती. उजवा डोळा गेला. उजवा गाल, कान आणि डोक्याची कातडी डॉक्टरांनी शिवली, पण तोंड एका बाजूला ओढलेलं राहिलं.

जलालुद्दीनला हे त्याच दिवशी दुपारी कळलं. अस्वल दरवर्षी कुणाला ना कुणाला धरतं, मोहाच्या दिवसांत तर ठरलेलंच, असं दुकानात बसलेले लोक म्हणत होते. टॉर्चचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्यानं मात्र हातातलं काम खाली ठेवलं आणि विचारलं, तिच्याजवळ टॉर्च होता का? होता, असं कुणीतरी सांगितलं. तो उठून घरी गेला. त्या संध्याकाळी मी दुकानावर गेलो तर कुलूप होतं.

ती घरी आल्याचं कळल्यावर आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. जेठ सुरू झाला होता. गुणाबाई पडवीत खाटेवर बसली होती, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. रामाजीनं आम्हाला पाणी दिलं आणि तो खांबाला टेकून उभा राहिला. जलालुद्दीन खाली जमिनीवरच बसला. त्यानं तिला विचारलं की त्या दिवशी उजेड कसा होता.

तिचे शब्द नीट निघत नव्हते, ओठ एका बाजूनं शिवलेला होता. पण ती सावकाश बोलली, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"उजेड लय चांगला होता, भाऊ. दूरवर होता. मी जिथी होती, तिथी नव्हता."

 मग रामाजीनं विचारलं. तो भांडायला विचारत नव्हता, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. आधीच्या साध्या टॉर्चमध्ये पायाशी थोडं तरी दिसायचं, मग याच्यात काऊन नाई दिसत? जलालुद्दीन म्हणाला, भिंगामुळं. सगळा उजेड पुढं नेला म्हणून बाजूला राहिला नाही.

"मंग भिंग कायले लावलं?"

मी तिथंच बसलो होतो.  मी म्हणायला हवं होतं की मी सांगितलं, की भिंग माझ्या शाळेतलं आहे. रामाजीचा मुलगा आदेश माझ्या वर्गात होता, तो दारात उभा राहून ऐकत होता. मी गप्प बसलो.

"मीच लावलं," जलालुद्दीन म्हणाला. "माह्या डोक्यातून निघालं ते."

परतताना नदीच्या पुलावर मी त्याला म्हटलं की तू असं सांगायला नको होतंस. तो सायकल हातात धरून चालत होता. थांबला नाही.

"तुमचं नाव घेतल्यानं तिचा डोळा येते का, सर?" एवढंच तो म्हणाला. 

त्यानंतर तो उरलेल्या दहा टॉर्चांच्या मागं लागला. सायकलीवर एकेका गावी जायचा आणि सांगायचा, टॉर्च द्या, भिंग काढून वाटी लावून देतो, काही घेत नाही. सहा जणांनी दिले. चौघांनी नाही दिले. एक जण म्हणाला, माह्या शेतात अस्वल येत नाई, डुक्कर येते, मले दूरच पाह्यजे. त्यात त्याचं काय चुकलं? त्याच्या जागी तो बरोबरच होता. जलालुद्दीननं त्याला चालताना टॉर्च वापरू नको, फक्त मचाणावरून वापर असं बजावलं. तो हो म्हणाला, पण चालताना वापरायचा हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. मी सुटीच्या दिवशी जलालुद्दीनबरोबर दोन-तीन गावांना गेलो. बोलायचं काम तो एकटाच करायचा, मी सायकली धरून उभा राहायचो.

पावसाळाभर तो एकाच दिव्यावर काम करत होता. तो गुणाबाईसाठी होता. चार ठिपक्यांचा तोच एलईडी, जो आम्ही पहिल्या दोन दिवसांत नापास केला होता. त्याला ना भिंग ना वाटी, पुढं फक्त दुधी काच. कपाळाला बांधायचा पट्टा. लावला की बाई जिथं उभी असेल तिथून भोवती पंधरा-वीस पावलांपर्यंत, डावीउजवीकडे, पायाशी, सगळीकडे सारखा उजेड. या वेळी तो पाण्याच्या टाकीकडे गेला नाही. शाळेमागच्या झुडपांत जायचा, मला पाच-सहा हातांवर झुडपात लपायला सांगायचा, आणि मान न वळवता मी दिसतो का ते बघायचा. निवृत्तीला आलेला मास्तर मी, चिखलात उकिडवा बसून राहायचो. तो हळूहळू चालत यायचा आणि म्हणायचा, दिसले. मग परत मागं जाऊन दुसऱ्या बाजूनं यायचा.

दसऱ्याला तो दिवा घेऊन गेला. मी शाळेच्या कामात होतो, जाऊ शकलो नाही. खरं तर जाता आलं असतं. काय झालं ते मला मलिकाभाभींनी सांगितलं. गुणाबाईनं दिवा हातात घेतला, छान आहे म्हणाली. त्यानं तो पेटवून दाखवला तेव्हा तिनं पदर तोंडावर ओढून भिंतीकडे मान फिरवली. राहिलेल्या डोळ्याला उजेड सोसत नव्हता. दवाखान्यातून आल्यापासून ती दिवसासुद्धा घराच्या आतल्या खोलीतच बसायची, संध्याकाळी चुलीपुढंही पाठ करून. दिवा नेऊ नका, राहू द्या, मुलीला होईल, असं ती म्हणाली. पण मुलगी मयुरी मोहाला जायला तयार नव्हती आणि रामाजी तिला पाठवायला. जलालुद्दीननं दिवा परत आणला. घरी आल्यावर तो जेवला नाही.

पुढच्या चैत्रात त्या घरानं मोह वेचला नाही. झाड त्यांच्या वहिवाटीचं होतं, त्याच्याखाली दुसरेच लोक आले.

त्या वर्षी बाजारात बाहेरून आलेले स्वस्त टॉर्च दिसू लागले. प्लास्टिकचे, नऊ-नऊ बारीक एलईडीचे, बिघडले की फेकायचे. ते कुणी दुरुस्तीला आणत नसे. जलालुद्दीननं मोबाइलचे चार्जर दुरुस्त करायला सुरुवात केली. संध्याकाळी मी जायचो, बसायचो. तो कधी एलईडींच्या निवडीबद्दल बोलला नाही, मी कधी टाकीबद्दल बोललो नाही. वहीत मी लिहिलेले आकडे एकदा त्याला द्यावेत म्हणून घेऊन गेलो होतो. त्यानं वही उघडली नाही, म्हणाला, ठेवा तुमच्याजवळ.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये मी निवृत्त झालो आणि मुलाकडे चंद्रपूरला राहायला आलो. जायच्या आधी एकदा रामाजीच्या गावी जाऊन यावं, सांगून टाकावं, असं मी ठरवलं होतं. सामान बांधण्यात आठवडा गेला, मग पाऊस लागला आणि सतीला पूर आला. पूर ओसरला तेव्हाही मी कुरखेड्यातच होतो, अजून तीन दिवस. गेलो नाही.

मी चंद्रपूरला आल्याच्या दुसऱ्या महिन्यात मलिकाभाभींचा फोन आला. जलालुद्दीननं दुकान बंद केलं होतं आणि खोलीचा टिन काढून विकला होता. आता तो एका वायरमनच्या हाताखाली घरांमध्ये वीजजोडणीची कामं करतो, असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, बोलतो का तुमच्याशी? त्या म्हणाल्या, बोलतात, कामापुरतं. मी फोन त्याला द्यायला सांगितला. तो घरात होता, मला त्याचं खोकणं ऐकू आलं. थोड्या वेळानं मलिकाभाभीच परत बोलल्या. ते झोपलेत, म्हणाल्या.